दुजोऱ्याचा शाप

एका राज्यात नदी एकच होती, प्रांत तीन होते आणि राजसभेत दगडी आसने बारा होती. मधोमध नदीचे खोरे, उगवतीला डोंगर, मावळतीला समुद्रातले बेट. बारांपैकी दहा आसने खोऱ्याची, एक डोंगराचे, एक बेटाचे. ही वाटणी झाली तेव्हा ती चोख होती. माणसे राहत होती ती खोऱ्यातच. डोंगरात धनगरांचे चार वाडे आणि बेटावर कोळ्यांची चार घरे, एवढीच काय ती बाहेरची वस्ती.

त्या काळच्या राजाला सभेतल्या भांडणांचा वीट आला होता. आसनांवरून दर वर्षी तलवारी निघत. त्याने मायाधर नावाच्या मांत्रिकाला बोलावले आणि हे भांडण कायमचे मिटवायला सांगितले. मायाधराने मंत्र घातला. तेव्हापासून आसन हलवायला जो हात लावी त्याचा जागच्या जागी दगड होई. आणि सभेत एकाने काही मांडले, पण दुसऱ्या आसनावरून त्याला दुजोरा आला नाही, तर ते बोलणे राजाच्या कानापर्यंत पोचत नसे. त्याचे खडे होऊन जमिनीवर पडत. सभा उठली की झाडूवाले ते खडे भरून बाहेर टाकीत. भांडण मिटले.

पुढे एका वर्षी नदीने कूस बदलली. ती जुने पात्र सोडून डोंगराच्या पलीकडच्या खोल, दुर्गम दरीतून वाहू लागली. खोरे वाळले. गावेच्या गावे बिऱ्हाड पाठीवर घेऊन डोंगर चढली, आणि पिढी दोन पिढ्यांत डोंगर माणसांनी भरून गेला. खोऱ्यात उरल्या सरदारांच्या हवेल्या आणि वाळू. आसने मात्र होती तशीच राहिली. दहा, एक आणि एक.

डोंगराच्या त्या एका आसनावर कमळजा बसत असे. तिच्या आधी तिथे तिचा थोरला भाऊ रायाजी बसे. त्याने एकदा भर सभेत खोऱ्याच्या एका रिकाम्या आसनाला खांदा लावला, आणि तो तसाच वाकलेला, दातओठ खाल्लेला, काळा पाषाण होऊन सभेच्या मधोमध उभा राहिला. त्याला हलवणेही कुणाला जमेना. खोऱ्याचे सरदार येता जाता त्याच्या खांद्यावर आपले शेले टाकीत. कमळजा सभेला आली की आधी ते शेले काढून घडी घालून बाजूला ठेवी, मग आसनावर बसे.

त्या श्रावणात खोऱ्यातला सर्वांत मोठा सरदार भूपसेन याने ठराव मांडला. डोंगरावर माळकुंड नावाचे तळे होते आणि डोंगराची सगळी शेते त्या तळ्यावर पिकत. त्या तळ्याचा बांध फोडून पाणी खोऱ्यात उतरवावे, म्हणजे हवेल्यांच्या बागा पुन्हा फुलतील, असा तो ठराव होता. त्याला लागलीच नऊ दुजोरे मिळाले. बेटाच्या आसनावर भूपसेनाचा मेहुणा बसत असे, त्याने दहावा दिला.

कमळजा उठली. तळे फोडले तर डोंगरावर प्यायलाही पाणी उरणार नाही, लोकांनी जायचे कुठे, हे तिने नीट, न चिडता सांगितले. तिचा शब्दन् शब्द ओठांतून निघाला आणि टप टप खाली पडला. सिंहासनावर राजा मणिध्वज बसला होता. तो दुष्ट नव्हता. त्याला तिचे ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आले नाही, म्हणून तो नेहमीसारखा सौजन्याने हसला. ठराव दोन सभांत मांडल्याशिवाय पक्का होत नसे. दुसरी सभा दसऱ्याला होती.

कमळजा बाहेर येऊन पायरीवर बसली. झाडूवाल्यांनी टाकलेल्या खड्यांच्या ढिगावर एक म्हातारा भारद्वाज पक्षी बसला होता. त्याचे डोळे गुंजेसारखे लाल होते.

"हे खडे मी रोज पाहतो," भारद्वाज म्हणाला. "यांतले निम्म्याहून अधिक डोंगराचे असतात."

"मंत्र घालणारा अजून आहे का?" कमळजेने विचारले.

"आहे. मी त्याचाच पक्षी. पण तो कुणाला फसवत नाही आणि कुणाचे लाडही करत नाही. येणार असशील तर वाट दाखवतो."

ती निघाली. जुन्या नदीच्या कोरड्या पात्रातून वर वर गेले की एक वड लागे. त्याच्या पारंब्या आभाळाकडे वाढत. त्या वडाच्या ढोलीत मायाधर राहत होता. तो इतका म्हातारा होता की त्याला तिसऱ्यांदा दात आले होते. कमळजेने नमस्कार करून सगळे सांगितले आणि हा अन्याय त्याने का केला असे विचारले.

मायाधर म्हणाला, "राजाने भांडण मिटवायला सांगितले, मी मिटवले. न्याय करायला कुणी सांगितले नव्हते."

"मी सांगते आहे."

 मायाधराने तीन रिकामे शंख काढून तिच्यापुढे ठेवले. तीन प्रांतांतून तीन शब्द आणायचे, तो म्हणाला. प्रत्येक शब्द खरा असावा, बोलणाऱ्याच्या तोट्याचा असावा, आणि कुणी भीती घातल्यावाचून, कुणी लालूच दाखवल्यावाचून बोललेला असावा. असा शब्द असेल तर शंख तो धरून ठेवील. नाहीतर खडा होऊन पडेल. तिन्ही शब्द एका सभेत राजाच्या कानी पडले की मंत्राची गाठ सैल होईल. मग आसनाला पहिला हात राजाने लावावा.

"राजाने लावला तर त्याचा दगड होणार नाही ना?" कमळजेने विचारले.

"गाठ सुटली असेल तर होणार नाही," मायाधर म्हणाला, आणि डोळे मिटून झोपी गेला.

पहिला शंख घेऊन कमळजा खोऱ्यात उतरली. भारद्वाज पुढे पुढे उडत होता. भूपसेनाकडून असा शब्द मिळणे शक्य नव्हते, त्याच्या सोयऱ्यांकडूनही नव्हते. पण दहांतले एक आसन निंबगावचे होते आणि त्यावर सोमाजी देसाई नावाचे वृद्ध गृहस्थ बसत. ती निंबगावला पोचली तर तिथे गाव नव्हते. वाळूतून देवळाचा कळस आणि काही भिंती वर आलेल्या होत्या. देवळाच्या ओवरीत सोमाजी एकटे राहत होते. भूपसेन दर आठवड्याला त्यांच्याकडे बैलावरून पाण्याची पखाल पाठवी, आणि सभेत सोमाजी त्याला दुजोरा देत. एवढाच तो व्यवहार होता.

सोमाजींनी तिला बसायला घोंगडी घातली आणि मोजके पाणी होते त्यातून तांब्याभर दिले. तिने शंखाची गोष्ट सांगितली. ते कोपऱ्यातल्या पखालीकडे पाहू लागले. तेव्हा कमळजेला घाई झाली. दसरा डोळ्यांपुढे होता. ती म्हणाली, "बाबा, पखालीची चिंता करू नका. डोंगरावरून आम्ही पाणी पाठवू."

सोमाजींचा चेहरा उजळला. त्यांनी शंख हातात घेतला आणि या आसनावर आपला हक्क नाही असे त्यात बोलले. शंखातून एक पांढरा खडा घरंगळत ओवरीच्या फरशीवर पडला.

"लालूच," भारद्वाज कळसावरून म्हणाला.

कमळजा लाजेने लाल झाली. भूपसेनाने जे केले तेच तिने केले होते, फक्त पाणी दुसऱ्या ठिकाणचे. तिने सोमाजींची क्षमा मागितली आणि दिलेले वचन परत घेतले. डोंगराचे पाणी द्यायचे की नाही हे तिच्या एकटीच्या हातात नाही, असेही तिने कबूल केले.  ती निघण्याच्या तयारीने उठली, तेव्हा ते म्हणाले, चल, तुला गाव दाखवतो.

ते वाळूतून काठी टेकत चालू लागले. इथे कासारांची आळी, इथे तेल्यांचे घाणे, हा लोहाराचा भाता, इथे माझ्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, असे सांगत गेले. वाळूखेरीज तिथे काहीच नव्हते. कमळजा प्रत्येक ठिकाणी थांबत होती. ही माणसे आता कुठे आहेत, असे तिने विचारले नाही. तिला ठाऊक होते. तेल्यांचे घर तिच्याच आळीत होते, आणि कासारांची सून तिची मैत्रीण होती. सोमाजींनाही ते ठाऊक असावे, कारण शेवटच्या भिंतीपाशी त्यांनी आपणहून हात पुढे केला.

"शंख दे."

तिने दिला.

"मी सोमाजी देसाई, निंबगावच्या आसनावर बसतो," ते शंखात बोलले. "निंबगावात आता मी एकटा आहे. जे माझ्यामागे होते ते डोंगरावर गेले. आसनही त्यांच्यामागे जायला हवे होते. मी ते अडवून धरले."

शंख जड झाला. कमळजेने कानाला लावला तर आत म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

दुसरा शंख बेटाचा. तिथे सागुणा नाखवीण हिचा शब्द चाले. तिच्या मालकीच्या होड्या होत्या, आणि सगळे बेट तिला विचारून जाळी टाकी. बेटावरच्या लोकांनी आजवर कुणाला आपली शिरगणती करू दिली नव्हती. मोजली माणसे घटतात, असे ते म्हणत. खरे कारण सागुणेने सरळ सांगितले. त्या वेळी ती वाळूत बसून जाळे विणत होती आणि हातातली सुई तिने थांबवली नाही.

"मोजलंत तर आम्ही तुमच्या एका मोठ्या गावाएवढे भरू. मग तुम्ही म्हणाल, एवढ्याशा माणसांना आसन कशाला. आज एक आहे. ते तरी राहू दे."

"त्या आसनावर कोण बसतो, नाखवीणबाई?"

सागुणेची सुई थांबली. त्या आसनावर भूपसेनाचा मेहुणा बसत होता, आणि त्याने जन्मात खारे पाणी पाहिले नव्हते. मोजणी नाही म्हणून निवड नाही, आणि निवड नाही म्हणून जो आधी पोचला तो बसला. मागच्या वादळात होड्या फुटल्या तेव्हा सभेत बेटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

तिने विचारले, "मोजलं तर आसन टिकेल, असं वचन देतेस?"

कमळजेच्या तोंडाशी होकार आला होता. तिने तो गिळला. "देत नाही," ती म्हणाली. "माझ्या हातात नाही. माझे लोक काय म्हणतील ते मलाच ठाऊक नाही."

सागुणा हसली. हे पहिले खरे बोलणे मुख्य भूमीवरून आले, असे ती म्हणाली. मग तिने सगळ्या बेटाला पुळणीवर बोलावले. दिवसभर वाद झाला. म्हाताऱ्या बायका रडल्या, एकदोघे रागावून होड्या घेऊन समुद्रात निघून गेले. ते परत येईपर्यंत कुणी पुढे बोलले नाही. शेवटी प्रत्येक माणसाने एक शिंपला आणून सागुणेपुढे ठेवला, तान्ह्या मुलांचा त्यांच्या आयांनी ठेवला. सागुणेने ते मोजले आणि आकडा शंखात सांगितला. आकडा फार लहान होता. शंखाने तो धरून ठेवला.

"आता जा," सागुणा म्हणाली, "आणि तुझ्या माणसांचं तोंड उघडून बघ."

तिसरा शंख डोंगराचा होता. कमळजेला वाटले होते की हा सोपा जाईल. माळकुंडाच्या काठी सगळ्या वाड्या जमल्या. तिने दोन्ही शंख दाखवले आणि लोकांनी आनंदाने पागोटी उडवली. कुणीतरी तिथेच हिशेब मांडला. डोंगरात माणसे इतकी की डोक्यागणिक आसने वाटली तर बारांतली दहा आपली होतात. खोऱ्याला जेमतेम दोन, बेटाला एकही नाही. आता बघू भूपसेनाकडे, असे लोक म्हणू लागले. त्याच्या हवेलीतली विहीरही मागून घेऊ, असेही कुणी म्हणाले.

कमळजेने त्यांना थांबवले. तिने सांगितले की आपल्या हाती दहा आसने आली, तर आपण भूपसेन होऊ. कोणत्याही प्रांताला निम्म्याहून अधिक आसने नसावीत, आपल्यालाही नसावीत. आणि कोणताही प्रांत कितीही लहान असो, त्याला दोन आसने असावीत. एक बोलेल, दुसरा दुजोरा देईल. एकट्या आसनाचे काय होते, ते आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

लोक खवळले. सर्वांत आधी तिची आई उठली. तिचे नाव म्हाळसा. रायाजीचा दगड झाला तेव्हापासून तिने चूल पेटवली नव्हती, लेक शिजवी ते खात असे.

"कमळजे," म्हाळसा म्हणाली, "ज्या आसनांसाठी माझा पोर पाषाण झाला, ती तू वाटत सुटली आहेस?"

 कमळजा खाली बसली. वाद सुरूच राहिला, त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरही. तरणे लोक म्हणत, माणूस तिथे माणूस, डोंगरातल्या माणसाचे वजन बेटातल्या माणसाहून कमी का? हे बोलणे चुकीचे नव्हते, आणि कमळजेनेही ते चुकीचे म्हटले नाही. तिचे एवढेच म्हणणे होते की डोकी मोजावीत, पण थोड्या डोक्यांच्याही तोंडून शब्द निघेल इतकी जागा ठेवावी. शंख हातोहात फिरला. बऱ्याच जणांनी तिच्या भिडेखातर त्यात होकार बोलून पाहिला. खडे पडले. भीड ही देखील लालूचच, असे भारद्वाजाने सांगितले.

तळ्याकाठी धनगरांचा एक वाडा होता, त्या जुन्या चार वाड्यांपैकी एक. त्या वाड्यातली माणसे एका कडेला बसून होती आणि काही बोलत नव्हती. म्हाळसा त्यांच्याकडे पाहत होती. पाहता पाहता ती उठली आणि त्यांच्यात जाऊन बसली.

"आम्ही खोऱ्यातून वर आलो तेव्हा मी कडेवर होते," ती म्हणाली. "हा डोंगर यांचा होता. यांनी आम्हाला पाणी दिलं, जागा दिली. आता ही चार घरं आणि आपण हजारो. इतक्या दिवसांत आपण यांना एकदा तरी विचारलं का, की तुमचं म्हणणं काय?"

म्हाळसा लोकांकडे वळली.

"नदीनं एकदा कूस बदलली. ती पुन्हा बदलेल. मग आपली नातवंडं कुठंतरी थोडी असतील." तिने हात पुढे केला. "आण तो शंख."

तिने शंखात सांगितले की डोंगराची माणसे फार आहेत आणि डोंगर निम्म्यावर थांबेल. बोलताना तिचा आवाज फाटला. मग धनगरांच्या म्हाताऱ्याने शंख घेतला, मग तेल्यांनी, मग कासारांनी. काहींनी शेवटपर्यंत घेतला नाही. पण खडा पडला नाही.

दसऱ्याला सभा भरली. दारात डोंगराची माणसे उभी होती, आणि बेटावरून सागुणा नाखवीणही आली होती. भूपसेनाने ठराव दुसऱ्यांदा मांडला. कमळजेने रायाजीच्या खांद्यावरचे शेले काढले, आणि या वेळी ती आसनावर बसली नाही. ती उभ्यानेच म्हणाली, "महाराज, या ठरावाआधी तीन प्रांतांचे तीन शब्द ऐकावेत."

शब्द ओठांतून निघाले आणि खाली पडू लागले. तेवढ्यात निंबगावच्या आसनावरून सोमाजी देसाई काठी टेकत उठले.

"माझा दुजोरा आहे."

पडते शब्द हवेतच थांबले, वर उठले आणि राजाच्या कानी गेले. राजा मणिध्वज दचकला. त्या मुलीचा आवाज त्याने आज पहिल्यांदाच ऐकला. तो इतका साधा असेल असे त्याला वाटले नव्हते. भूपसेनाने सोमाजींकडे पाहिले. सोमाजींनी त्याच्याकडे पाहिले नाही.

कमळजेने शंख मांडले. त्यांतून सोमाजींचा कबुलीजबाब निघाला, बेटाचा लहानसा आकडा निघाला, आणि म्हाळसेचा फाटलेला आवाज निघाला.  मग भूपसेन उठला. तो मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "महाराज, या आसनांवरून एके काळी दर वर्षी रक्त सांडत होते. ती हलेनाशी झाली म्हणून राज्य टिकले. आज एक हलवाल, उद्या प्रत्येक जण आपले आसन मोजत बसेल."

"बसू दे," कमळजा म्हणाली. "दर तपाला एकदा माणसे मोजावीत आणि आसने फिरवावीत. बारा वर्षांनी पाळी येणार हे ठाऊक असेल, तर तलवार कशाला निघेल? आणि आसनाला पहिला हात महाराजांनी लावावा, असे मायाधराने सांगितले आहे."

राजाने विचार केला. तो सिंहासनावरून उतरला आणि निंबगावच्या आसनापाशी आला. समोर रायाजीचा पाषाण होता, वाकलेला, दातओठ खाल्लेला. राजाने वर तुळईवर बसलेल्या भारद्वाजाला विचारले, "माझाही असाच होईल का?"

"मला ठाऊक नाही, महाराज."

राजाने डोळे मिटले आणि आसनाला हात लावून ढकलले. आसन लाकडी पाटासारखे हलके सरकले. त्याच्याबरोबर सगळीच आसने सैल झाली, आणि सभेत आजवर पडलेले आणि फटींत अडकून राहिलेले खडे एकदम बोलू लागले. कित्येक वर्षांची गाऱ्हाणी एकाच वेळी ऐकू आली. राजाने कानांवर हात ठेवले नाहीत. ती संपेपर्यंत तो उभा राहिला.

त्या दिवशी सहा आसने डोंगराची झाली, चार खोऱ्याची आणि दोन बेटाची. डोंगराच्या सहांपैकी एक धनगरांना मिळाले, आणि बेटाच्या आसनावर भूपसेनाच्या मेहुण्याच्या जागी सागुणा बसली. सोमाजी उभे होते. त्यांना आता आसन नव्हते. बांध फोडण्याचा ठराव पुरेशा दुजोऱ्यांवाचून पडला. खोऱ्याला पिण्यापुरते पाणी पाटाने द्यावे, असा दुसरा ठराव बेटाकडून आला आणि मंजूर झाला. भूपसेनाने त्याला विरोध केला, आणि त्याचा विरोधही सर्वांना नीट ऐकू गेला.

हे चालू असतानाच रायाजीच्या अंगावरून धूळ झडली. तो सरळ झाला, त्याने मान वळवून पाहिली, पाठ चोळली. कमळजा धावत गेली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. ते गार होते, पण हात होते. रायाजीने तिला जवळ घेतले. मग त्याने सभेवर नजर फिरवली, आसने मोजली, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"सहाच का?" तो म्हणाला. "आपली माणसे तर दहा आसनांएवढी आहेत. माझी हरकत आहे."

कमळजा हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. राजा मणिध्वजाने सिंहासनावर बसून घेतले आणि विचारले, "या हरकतीला दुजोरा कोण देतो?"

डोंगराच्या एका तरण्या सभासदाने हात वर केला. मग बेटाच्या आसनावरून सागुणा नाखवीण उत्तर द्यायला उठली, आणि सभा पुढे चालू झाली.

ज्यांचे बोलणे आजवर खाली पडले, त्यांचे बोलणे असेच वर उठो. ज्यांना आसने मिळाली, त्यांना ती फिरतात याची आठवण राहो.